लूथरन मंडळीतली डीकनेस सेवा आणि तिचं प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात लूथरन मंडळ्या, म्हणजे मार्टिन लूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या, अनेक आहेत आणि डीकनेस सेवेबद्दल सगळ्यांचे नियम सारखे नाहीत. म्हणून जिथे फरक मोठा आहे तिथे कोणत्या मंडळीबद्दल बोलणं चाललं आहे ते नावानिशी सांगितलं आहे.

डीकनेस म्हणजे नेमकं कोण?

मंडळीने पाचारण केलेली, त्यासाठी शिकवून तयार केलेली आणि प्रार्थनेने नेमलेली, दयेच्या सेवेला वाहून घेतलेली स्त्री. आजारी, एकाकी, तुरुंगातले, व्यसनात अडकलेले, शोकात बुडालेले, देशोधडीला लागलेले, लहान मुलं, थकलेली म्हातारी माणसं, या सगळ्यांमध्ये तिचं काम चालतं. ती त्यांच्याकडे जाते, त्यांना लागेल ती मदत करते किंवा मिळवून देते, त्यांच्यासोबत प्रार्थना करते, वचन वाचते. आणि परत येऊन मंडळीला सांगते की आपल्या दाराशी कोण उभं आहे. हा शेवटचा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. डीकनेसने सगळ्यांच्या वतीने सेवा उरकून टाकावी आणि बाकीच्यांनी निर्धास्त बसावं, अशी अपेक्षा असेल तर ते पद मंडळीला समजलेलंच नाही.

हाताने करायची सेवा आणि तोंडाने सांगायची सुवार्ता या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत एकत्र नांदाव्यात, यासाठी सगळं प्रशिक्षण असतं. खाली जे काही लिहिलं आहे ते याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

ही परंपरा कुठून आली?

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस केली आहे. ती पुष्कळांना आणि स्वतः आपल्यालाही साहाय्य करणारी आहे, असं तो लिहितो. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजानला पाठवलेल्या पत्रात दोन दासींचा उल्लेख येतो. ख्रिस्ती लोक त्यांना सेविका म्हणत, आणि प्लिनीने त्यांचा छळ करून चौकशी केली होती. म्हणजे अगदी आरंभीच्या काळातही हे काम जिवावर बेतणारं होतं. पुढे मध्ययुगात पश्चिमेकडच्या मंडळीत हे पद जवळजवळ मावळलं.

आज आपण ज्याला डीकनेस सेवा म्हणतो तिची नवी सुरुवात जर्मनीत झाली. ऱ्हाईन नदीकाठी ड्युसेलडॉर्फजवळ काइझर्सवेर्थ नावाचं गाव आहे. तिथले पाळक थिओडोर फ्लीड्नर आणि त्यांची पत्नी फ्रीडरिक यांनी १८३३ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांना आपल्या बागेतल्या लहानशा घरात आसरा द्यायला सुरुवात केली. १८३६ मध्ये त्याच गावात रुग्णालय आणि डीकनेसांचं पहिलं मातृगृह, म्हणजे त्यांनी एकत्र राहून शिकायचं आणि तिथूनच सेवेला जायचं असं घर, उभं राहिलं. पहिली डीकनेस गर्ट्रूड रायखार्ट ही एका डॉक्टरची मुलगी, वडिलांच्या हाताखाली रुग्णसेवा शिकलेली. फ्रीडरिक मातृगृहाची पहिली प्रमुख झाली आणि १८४२ मध्ये बाळंतपणात वारली. इतिहास लिहिताना नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात येतं, पण मातृगृहाची रोजची घडी बसवणारी ती होती. नव्या विद्यार्थिनींना हे आवर्जून सांगायला हवं. फ्लीड्नर ज्या मंडळीत पाळक होते ती प्रशियाची संयुक्त प्रोटेस्टंट मंडळी होती, निव्वळ लूथरन नव्हे. तरी त्यांचा नमुना लूथरन मंडळ्यांनी फार लवकर उचलला.

लूथरन बाजूने सर्वांत मोठं नाव विल्हेल्म लोहे यांचं. बव्हेरियातल्या नॉयनडेटल्साऊ या लहान गावी त्यांनी १८५४ मध्ये डीकनेसांची संस्था काढली. त्यांचा मूळ विचार मातृगृहाचा नव्हता. खेड्यापाड्यांतल्या मुलींना शिकवायचं आणि त्यांनी आपापल्या गावी परत जाऊन सेवा करायची, असं त्यांच्या मनात होतं. प्रत्यक्षात मात्र तिथेही मातृगृहच वाढलं. लोहेंनी भर दिला तो उपासनेवर. वेदीपासून सुरू होणारी आणि वेदीपाशी परतणारी सेवा, ही त्यांची शिकवण आजही लूथरन प्रशिक्षणात जाणवते.

त्यानंतर ही लाट पसरत गेली. स्टॉकहोममध्ये १८५१, कोपनहेगनमध्ये १८६३, हेलसिंकीत १८६७ आणि आजच्या ऑस्लोत १८६८ मध्ये अशा संस्था सुरू झाल्या. अमेरिकेतले लूथरन पाळक विल्यम पॅसावँट यांच्या विनंतीवरून फ्लीड्नर १८४९ मध्ये चार डीकनेसांना घेऊन पिट्सबर्गला गेले. नॉर्वेची एलिझाबेथ फेड्डे १८८३ मध्ये ब्रुकलिनला पोहोचली आणि स्थलांतरित नॉर्वेजियन खलाशी नि गरीब कुटुंबांत तिने काम उभं केलं. १९१९ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेन इथे लूथरन डीकनेस असोसिएशन स्थापन झाली. मातृगृहात राहण्याची अट न घालता मंडळ्यांसाठी डीकनेस तयार करण्याचं काम तिने केलं. १९४३ मध्ये ती वॅल्परेझोला गेली.

फ्लॉरेन्स नाईटिंगेल तिथेच शिकल्या, हे खरं का?

हो, १८५१ मध्ये सुमारे तीन महिने त्या काइझर्सवेर्थला राहिल्या. नंतर त्यांनी तिथल्या रुग्णसेवेच्या आणि स्वच्छतेच्या दर्जाबद्दल नाराजीही व्यक्त केली. डीकनेसांच्या निष्ठेबद्दल मात्र त्यांना शेवटपर्यंत आदर होता. दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. भक्ती खरी असली म्हणून कौशल्य कच्चं चालत नाही.

डीकनेस आणि पाळक यांच्यात फरक काय?

लूथरन विश्वासाचा मूळ जाहीरनामा असलेल्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचं चौदावं कलम सांगतं की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये, संस्कार देऊ नयेत. उपदेशपीठ, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही पाळकाची जबाबदारी. डीकनेसची जबाबदारी दयेच्या सेवेची, आणि त्या सेवेसोबत जाणाऱ्या शिकवणीची नि आध्यात्मिक आधाराची.

अमेरिकेतल्या लूथरन चर्च मिसूरी सिनॉडमध्ये स्त्रियांना पाळकपद दिलं जात नाही. तिथे डीकनेस मुख्य उपासनेत उपदेश करत नाही आणि संस्कार देत नाही. ती पाळकाच्या बरोबरीने, त्याच्या आध्यात्मिक देखरेखीखाली काम करते. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिका या मंडळीची घडण वेगळी आहे. तिच्या पूर्वीच्या मंडळ्यांनी १९७० मध्येच स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा द्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे तिथे स्त्रीपुढे दोन्ही वाटा खुल्या असतात: वचन आणि संस्कार यांची सेवा करणारे पाळक, आणि वचन व सेवा या दोहोंसाठी नेमलेले डीकन (तिथे हे नाव स्त्री-पुरुष दोघांनाही लागतं).

इथे एक सल्ला मनापासून द्यावासा वाटतो. पाळक होता येत नाही म्हणून डीकनेस व्हायचं, असा हिशोब मनात असेल तर थांबा आणि नीट विचार करा. ही उपदेशपीठाच्या खालची पायरी नव्हे, वेगळी हाक आहे. दुसऱ्याच कामाची ओढ उरात ठेवून इथे आलेली व्यक्ती दमते, आणि तिच्या दमण्याचा त्रास ज्यांची सेवा करायची त्यांनाच होतो.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

जुना आणि नवा करार, लूथरन सिद्धान्त, मंडळीचा इतिहास, उपासना आणि गीतं, दयासेवेचा इतिहास, शिकवण्याच्या पद्धती, समुपदेशनाची मूलतत्त्वं, नीतिशास्त्र. लूथरचा १५२९ चा लहान कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वासाची मूलतत्त्वं सांगणारी पुस्तिका, आणि १५८० मध्ये एकत्र छापलेला लूथरन कबुलीजबाबांचा ग्रंथ तर हवाच. काही ठिकाणी ग्रीक भाषाही थोडी शिकावी लागते.

इतकं ईश्वरविज्ञान कशाला, सेवा तर साध्या मनानेही करता येते, असं पुष्कळ जणी विचारतात. याचं उत्तर रुग्णाच्या खाटेपाशी मिळतं. एखादी बाई म्हणते, "माझ्या पापामुळेच देवाने माझं बाळ नेलं." त्या क्षणी तुम्ही काय बोलणार? नियमशास्त्र (देवाच्या आज्ञा, ज्या पाप दाखवतात) आणि सुवार्ता (ख्रिस्तात मिळणारी क्षमा) यांतला फरक लूथरन शिक्षणात पुन्हा पुन्हा शिकवला जातो, तो याच क्षणासाठी. जी आधीच चिरडली गेली आहे तिच्यावर नियमशास्त्राचा आणखी भार टाकायचा नसतो. तिला वधस्तंभावरचा ख्रिस्त दाखवायचा असतो. "सगळं ठीक होईल" अशी पोकळ समजूतही घालायची नसते, कारण तसं वचन देवाने दिलेलं नाही. कधी काही न बोलता बसून राहायचं आणि नंतर एखादं स्तोत्र वाचायचं. कोणतं स्तोत्र, हे कळायला स्तोत्रसंहिता आधीच अंगात मुरलेली लागते. शोकाच्या घरात पानं चाळत बसता येत नाही.

उलट प्रसंगही येतो. घरात बायकोला मारणारा नवरा शास्त्रातली वचनं तोंडपाठ म्हणून क्षमा मागत असतो. तिथे मऊ बोलणं घातक ठरतं. पीडितेला सुरक्षित जागी पोहोचवणं आणि मारणाऱ्याला त्याच्या कृत्याचं नाव घेऊन जाब विचारणं, हेही दयेचंच काम आहे. असा विवेक पाठांतराने येत नाही, तरी पाठांतराशिवाय तो उभाही राहत नाही.

प्रात्यक्षिक सेवेचा काळ कसा असतो?

माझ्या मते हाच प्रशिक्षणाचा गाभा. अभ्यास चालू असतानाच विद्यार्थिनी आठवड्यातले काही तास एखाद्या मंडळीत, रुग्णालयात, वृद्धाश्रमात किंवा तुरुंगात काम करते. पुढे इंटर्नशिप असते. मिसूरी सिनॉडच्या अभ्यासक्रमांत ती सहसा वर्षभराची असते. त्या काळात अनुभवी मार्गदर्शक सोबत असतो आणि ठरावीक वेळाने लेखी मूल्यमापन होतं.

याशिवाय अनेक ठिकाणी रुग्णालयातलं आध्यात्मिक काळजीचं प्रशिक्षण सक्तीचं असतं. या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत १९२० च्या दशकात झाली. अँटन बॉयसन यांनी १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांकडून शिकायला आणलं. आज तिथे एक संपूर्ण सत्र साधारण ४०० तासांचं धरतात. रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहून काढायचं आणि गटापुढे मांडायचं, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. रुग्ण भीतीबद्दल बोलत होता आणि तुम्ही विषय बदललात, हे कागदावर स्पष्ट दिसतं. तो रडायला लागला तेव्हा तुम्ही घाईने प्रार्थना का सुरू केलीत, असं गट विचारतो. त्याच्यासाठी, की तुम्हाला ते रडणं सहन होईना म्हणून? हे प्रश्न बोचतात. पण स्वतःचं दुःख, स्वतःची घाई, सगळ्यांना आवडावं ही स्वतःची गरज ओळखल्याशिवाय दुसऱ्याच्या दुःखात पाऊल टाकू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मर्यादा पाळण्याचं शिक्षणही इथेच होतं. गुप्तता कुठपर्यंत राखायची, लहान मुलाला धोका दिसला तर कोणाला कळवायचं, आपल्या आवाक्याबाहेरच्या माणसाला डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचं, आठवड्यातून विश्रांती कधी घ्यायची. विश्रांतीचा मुद्दा शेवटी आला म्हणून हलका समजू नका.

किती वर्षं लागतात?

मंडळीवर अवलंबून आहे. मिसूरी सिनॉडमध्ये शिकागोजवळच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात १९८० पासून डीकनेस शिक्षण आहे. सेंट लुईस आणि फोर्ट वेन इथल्या सेमिनरींनी (पाळक घडवणाऱ्या ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयांनी) २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले. पदवीनंतर साधारण दोन वर्षं वर्गातली आणि एक इंटर्नशिपचं, असा अंदाज धरावा. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिकात सहसा पदव्युत्तर पातळीचं ईश्वरविज्ञान आणि रुग्णालयातलं प्रशिक्षण लागतं. शिवाय उमेदवारीचे तीन टप्पे पार करावे लागतात: प्रवेश, अनुमोदन, मान्यता.

फिनलंडची रीत निराळी आणि फार विचारपूर्वक बांधलेली आहे. तिथे डीकनेस म्हणजे नर्सिंगचं पूर्ण शिक्षण आणि चर्चच्या सेवेचं शिक्षण एकाच पदवीत घेतलेली व्यक्ती. समाजकार्याच्या वाटेने आलेल्यांना डीकन म्हणतात. १९४० च्या दशकापासून तिथल्या चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक मंडळीत दयासेवेचं पद असावंच लागतं. जर्मनीतही डीकनच्या शिक्षणात दुहेरी पात्रतेचा आग्रह असतो: सरकारमान्य सामाजिक किंवा शुश्रूषेचा व्यवसाय, आणि त्यासोबत ईश्वरविज्ञान.

मला नर्सिंग येत नाही. चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालेल. एकोणिसाव्या शतकात डीकनेस म्हटलं की रुग्णसेवा किंवा शाळा डोळ्यांसमोर येई. आज शिक्षिका, समाजसेविका, हिशेबनीस, संगीतकार अशा अनेक जणी या सेवेत येतात. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा येणारी डीकनेस तर कुठल्याही मंडळीला हवीच असते.

हे पाचारणच आहे, हे कसं ओळखायचं?

लूथरन समजुतीप्रमाणे पाचारणाला दोन बाजू आहेत: अंतरीची ओढ आणि मंडळीचं बोलावणं. ओढ तीव्र असली तरी तेवढ्याने काम भागत नाही. पाळकाशी बोला, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोनचार माणसांना विचारा, आणि त्यांना खरं बोलायची मोकळीक द्या. प्रवेशसमिती मुलाखत घेते, मानसशास्त्रीय चाचणी आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. समिती तुमच्या विरोधात बसलेली नसते. उद्या तुमच्या हाती दुर्बल माणसं सोपवली जाणार आहेत, त्यांच्या वतीने ती बसलेली असते.

वयाची अट आहे का?

सहसा वरची कडक मर्यादा नसते. गर्ट्रूड रायखार्ट काइझर्सवेर्थला आली तेव्हा ४८ वर्षांची होती.

लग्न झालेल्या स्त्रीला डीकनेस होता येतं का?

आज अमेरिकेतल्या आणि उत्तर युरोपातल्या लूथरन मंडळ्यांमध्ये होता येतं. जुन्या मातृगृहांत मात्र डीकनेस अविवाहित असे आणि लग्न ठरलं की तिला संघ सोडावा लागे. तरी ती आयुष्यभराची शपथ नव्हती. फ्लीड्नरांकडे सुरुवातीचा करार पाच वर्षांचा असे. आजही काही जणी अविवाहित राहून संघजीवन निवडतात, आणि त्या निवडीला तितकाच मान असावा.

विशिष्ट पोशाख घालावा लागतो का?

पूर्वी सक्ती होती. काइझर्सवेर्थच्या डीकनेसांची पांढरी टोपी त्या काळच्या विवाहित मध्यमवर्गीय स्त्रीच्या टोपीसारखी होती. अविवाहित तरुणी रस्त्याने एकटी चालत असली तरी लोकांनी तिला मानाने वागवावं, हा त्यामागचा हेतू. आता बऱ्याच मंडळ्यांत क्रूस किंवा बिल्ला एवढंच चिन्ह उरलं आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये डीकन हिरवा शर्ट घालतात आणि लोक त्यावरून त्यांना ओळखतात.

पगार मिळतो का?

मिळतो, आणि मिळायलाच हवा. मातृगृहाच्या पद्धतीत रुग्णालय किंवा मंडळी मातृगृहाशी करार करी, पैसे मातृगृहाला जात, आणि डीकनेसला निवास, जेवण, थोडा हातखर्च व म्हातारपणीची काळजी मिळे. त्या काळी एकट्या स्त्रीला ती मोठी शाश्वती होती. आज बहुतेक डीकनेस नोकरीच्या करारावर, ठरलेल्या वेतनावर काम करतात. "सेवा आहे, मग पैसे कशाला?" असं म्हणणाऱ्या मंडळीला नम्रपणे पण स्पष्ट विचारा की पाळकालाही हेच विचारता का. कामाचे तास, रजा, निवृत्तिवेतन, विमा, सगळं लेखी घ्या.

नेमणुकीचा विधी कसा असतो?

उपासनेत, मंडळीच्या साक्षीने, वचनवाचन, प्रश्नोत्तरं आणि प्रार्थना यांसह. मिसूरी सिनॉडमध्ये डीकनेस नियुक्त सेवक म्हणून नेमली जाते, ती पाळकपदाची दीक्षा नसते. स्वीडनच्या मंडळीत बिशप, पाळक आणि डीकन अशी तीन पदं आहेत आणि डीकनलाही बिशपच्या हातून दीक्षा मिळते. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिकाने आधीच्या तीन वेगवेगळ्या सेवकवर्गांची २०१७ च्या आरंभी एकच यादी केली, आणि २०१९ च्या महासभेत डीकनांसाठीही दीक्षाविधी ठरवला.

पुरुष ही सेवा करू शकतात का?

डीकन म्हणून, अनेक मंडळ्यांत हो. योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३३ मध्ये हॅम्बुर्गला निराधार मुलांसाठी घर काढलं आणि तिथेच पुरुष मदतनिसांचं प्रशिक्षण सुरू केलं. डीकन परंपरेची ती मोठी शाखा.

समितीने नकार दिला तर?

दुखतं, ते लपवू नका. मग कारणं विचारा. बरेचदा उत्तर "अजून नाही" असं असतं: आधी स्वतःच्या शोकावर उपचार घ्या, आधी थोडा कामाचा अनुभव मिळवा. आणि उत्तर कायमचं "नाही" असलं, तरी बाप्तिस्म्यात मिळालेलं पाचारण कोणतीही समिती काढून घेत नाही. शेजारी, आई, परिचारिका, मुलीचं ऐकून घेणारी मावशी म्हणून होणारी सेवा देवापुढे कमी दर्जाची नाही. लूथरने यावर आयुष्यभर भर दिला.

अर्ज करण्याआधी काय तयारी करावी?

आपल्या मंडळीतल्या घराबाहेर पडू न शकणाऱ्या लोकांना नियमित भेटायला लागा, आणि कंटाळा आला तरी सोडू नका. लहान कॅटेकिझम पुन्हा पाठ करा. रोज एक स्तोत्र वाचा. सेवेत असलेल्या एखाद्या डीकनेससोबत, तिची परवानगी घेऊन, पूर्ण दिवस घालवा. फोन, अहवाल, बैठका, बंद दारं, हे सगळं त्यात दिसू द्या. घरच्यांशी खर्चाबद्दल आणि स्थलांतराबद्दल आत्ताच बोला, इंटर्नशिप बहुधा दुसऱ्या गावी असते. शिष्यवृत्तीची चौकशी सेमिनरीकडे तसंच स्वतःच्या मंडळीच्या महिला मंडळाकडेही करा. पाळकाचं शिफारसपत्र, बाप्तिस्म्याचा नि दृढीकरणाचा दाखला आणि गुणपत्रकं हाती यायला वेळ लागतो, म्हणून ती मुदतीच्या बरीच आधी मागून ठेवा.